बाबांच्या लंडनच्या हिशेबवहीत एकाआड एक दिवस ‘गॅस १/-’ का?

सातारकर:
बाबा १९६८ साली लंडनला शिकायला होते. त्यांची हिशेबाची वही परवा सापडली. ‘पाव १/६’, ‘अंडी ६, २/-’ अशा नोंदी आहेत आणि एकाआड एक दिवस ‘गॅस १/-’. इतका गॅस कसा लागेल? शिवाय ‘सूट १२ गि.’ म्हणजे काय?

टूटिंगची मावशी:
अरे, मीही त्याच हिवाळ्यात इथे आले. रेघेच्या डावीकडे शिलिंग, उजवीकडे पेन्स. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. १/६ म्हणजे दीड शिलिंग. आम्ही आण्यांत वाढलेलो, पावकी-निमकी घोकलेली, त्यामुळे दुकानात उभ्याउभ्या हिशेब जमायचा. अडीच शिलिंगांचं हाफ क्राउन म्हणजे पौंडाचा आठवा हिस्सा. आपल्या रुपयातले दोन आणेच की!

गॅस सिलिंडरचा नव्हे. भाड्याच्या खोलीतच मीटर असायचा. फटीत शिलिंग घालून मूठ फिरवायची, नाणं आत खळ्ळकन पडलं की हीटर आणि शेगडी चालू. संपत आला की ज्योत बारीक बारीक होत विझायची. माझा भात कितीदा असा अर्धकच्चा राहिला! मीटरचा दर घरमालकच लावून ठेवायचे. आमच्याकडे शेजारच्या घरापेक्षा शिलिंग लवकर संपायचा, आणि ते मला अजूनही सलतं. तेव्हा पौंड १८ रुपयांना होता, म्हणजे शिलिंगाला ९० पैसे. वाण्याकडे नोट मोडली की मी सुटे शिलिंगच मागून घ्यायचे.

जुना नाणेसंग्राहक:
गिनी म्हणजे २१ शिलिंग. नाणं १८१४ नंतर पाडलंच नाही, पण शिंपी, डॉक्टर, वकील आपले दर गिनीतच सांगत राहिले. १२ गिनी म्हणजे १२ पौंड १२ शिलिंग. मावशींच्या दराने जवळजवळ २२७ रुपये.

सातारकर:
बापरे, सुटाला २२७! मावशी, फेब्रुवारी १९७१पासून मात्र ‘गॅस ५’ असं लिहिलंय. महागला का?

टूटिंगची मावशी:
नाही रे. १५ फेब्रुवारीला पौंडाचे १०० पेन्स झाले, तेव्हा शिलिंगाची किंमत ५ नवे पेन्स ठरली. नव्या नाण्याचा आकार तोच, म्हणून मीटरही तोच चालला. बरं, एक बघ: रविवारी गॅस जास्त दिसतो का? आमच्याकडे न्हाणीघराच्या गीझरलाही वेगळं नाणं लागायचं.

सातारकर:
आत्ताच पानं चाळली. १९६८च्या जवळजवळ प्रत्येक रविवारी ‘गॅस २/-’ आहे.