मदत हवी आहे : हुरडा, काळ्या मसाल्याचे मटण आणि वाइन यांचा मेळ कसा घालावा?

यंदा २६ जानेवारी सोमवारी आल्यामुळे सलग तीन दिवस सुट्टी आहे आणि पुण्याहून माझे पाच जुने वर्गमित्र सोलापूरला येणार आहेत. सोमवारी ड्राय डे असल्याने वाइनची बैठक शनिवारी संध्याकाळी शेतावरच करावी, असे ठरले आहे.

आगटीतून काढून हातावर चोळलेला गरम हुरडा, त्यासोबत शेंगाचटणी आणि दही, नंतर काळ्या मसाल्याचे मटण आणि कडक भाकरी असा बेत आहे. आपल्याच जिल्ह्यात अकलूजजवळ सान्जोवेजे ही मूळची इटलीची द्राक्षे पिकतात आणि त्यांची रेड वाइन होते, याचे मला फार अप्रूप आहे. म्हणून पाहुण्यांना तीच पाजण्याची मनापासून इच्छा आहे. मात्र दिवाळीत मटणाबरोबर एक रेड घेतली, तेव्हा पहिल्याच घोटाला जीभ कोरडी पडली आणि रश्श्याचा तिखटपणा दुप्पट वाटला. रेडमधील टॅनिनमुळे (द्राक्षांच्या सालीतून व बियांतून येणाऱ्या तुरट द्रव्यामुळे) असे होते, हे नंतर समजले.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे, की मटणाबरोबर रेडच ठेवून मसाला सौम्य करावा, की किंचित गोडसर शेनिन ब्लांक ही व्हाइट वाइन घ्यावी? हुरड्याच्या कोवळ्या गोडीला काय शोभेल? ७५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण पाच ग्लास होतात, तर सहा जणांना चार बाटल्या पुरतील का? शेतावर फ्रीज नाही. बर्फाच्या बादलीत रेड किती वेळ ठेवावी, हेही कळवावे.