गोबरगॅसमध्ये मुरघास टाकला तर चालतो का?

बांधावरचा:
आमचा २ घनमीटरचा दीनबंधू (जमिनीखालच्या पक्क्या घुमटाचा) गोबरगॅस प्लांट आहे, बांधला तेव्हा पाच जनावरं होती आता दोनच राहिलीत. शेण जेमतेम २० किलो निघतं, सकाळचा चहा-भाकरी झाली की गॅस खल्लास, संध्याकाळी परत सिलेंडर. बांधावर नेपियर (हत्ती गवत) मात्र उदंड, त्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला हिरवा चारा, बॅगेत भरून ठेवलाय. तो टाकीत घातला तर गॅस होईल का? शेजारचे म्हणतात प्लांट बसेल.

काळी_माती:
होतो की, शेणापेक्षा जास्तच होतो. शेण म्हणजे गायीने सार काढून घेतलेला चोथा, किलोला ४० लिटरच्या आसपास गॅस. चांगला मुरघास त्याच्या तिप्पट-चौपट देतो. पण शेण बंद करू नका दादा, जिवाणू तिथूनच येतात. मुरघासाचा सामू (pH) ४ च्या आसपास, म्हणजे आंबट, एकदम ओतला की टाकी आंबते, मग गॅस भरलेला दिसतो पण शेगडी काही पेटत नाही. मी हावरटपणा करून पहिल्याच दिवसापासून ५ किलो घातला होता, पंधरा दिवस नुसतं शेण घालून ताळ्यावर आणली. अर्ध्या किलोपासून सुरू करा, आठवड्याला थोडा थोडा वाढवा.

म्युनिकवाला_मराठी:
इकडे जर्मनीत मका नि गवताच्या सायलेजवर (मुरघासावर) हजारो प्लांट चालतात. मका तर इतका वाढला की २०१२ च्या कायद्यात नव्या प्लांटसाठी मका आणि धान्य मिळून ६० टक्क्यांची मर्यादा घातली. पण इथल्या टाक्या गरम ठेवतात आणि आत मोटरवर फिरणारे पंखे असतात, तरी लांब गवत त्यांना गुंडाळून बसतं. दीनबंधूत ढवळायला काहीच नाही, गवत वर तरंगून जाड थर धरणार.

काळी_माती:
बरोबर, म्हणून कुट्टी एकदम बारीक हवी, सेंटिमीटरभर, आणि रात्रभर शेणकाल्यात भिजवून मगच घाला. इनलेट पाइप चोंदला तर बांबू घालून बसावं लागतं, वास विचारू नका.

गोठा_नंबर_१:
आमच्याकडे उन्हाळ्यात मुरघास विकत घ्यावा लागतो आणि तुम्ही जाळायला निघालात 😄 गव्हाणीत उरलेला, गायी तोंड लावत नाहीत तो घाला ना.

बांधावरचा:
उष्टावळ रोज दोन-तीन किलो निघते, आत्तापर्यंत उकिरड्यावर जात होती, हे सुचलंच नाही. उद्यापासून अर्धा किलो. पेटलं नाही तर परत येतो इथेच.