मदत हवी आहे: मोतीची खाज काही केल्या थांबत नाही

आमचा कुत्रा मोती ४ वर्षांचा. महिनाभर पंजे चाटतोय, कान-पोट खाजवतोय. रात्री त्याच्या खाजवण्यानेच जाग येते. बारीक फणी फिरवून निघालेले काळे कण ओल्या कागदावर ठेवले, लालसर डाग पडला नाही, म्हणजे ती पिसवांची घाण नसावी. तरी पिसवांचं औषध चालूच आहे. डॉक्टरांनी त्वचा खरवडून तपासली, खरजेचे किडे सापडले नाहीत. आता खाण्याची ॲलर्जी आहे का ते बघायला ८ आठवडे पूर्वी कधीच न खाल्लेल्या एकाच प्रथिनाचा आहार द्यायचाय. पण मुलं गुपचूप बिस्किट भरवतात, तिथेच घोडं अडतंय!

कोणी हे शेवटपर्यंत नेलंय का? फरक कितव्या आठवड्यात दिसला? आणि तोवर चाटणं कसं थांबवलंत? गळ्यातला शंकू तो ५ मिनिटांत काढून फेकतो.