गाडी ‘आणखी २० मिनिटे उशिरा’ असते, तेव्हा थांबावे की निघावे?

रोजची_प्रवासी:
गेली सहा वर्षे मी रोज जाऊन-येऊन साधारण तीन तासांचा रेल्वेप्रवास करते. दहा-पंधरा मिनिटांचा उशीर आता अंगवळणी पडला आहे. परंतु मागच्या वर्षभरात एकदा उष्णतेच्या लाटेने, एकदा वादळाने आणि दोनदा अतिवृष्टीने वेळापत्रक पार कोलमडले, आणि चारही वेळा माझा निर्णय चुकला. वादळाच्या दिवशी फलकावर आधी २० मिनिटे, मग ४०, मग ६० असा उशीर वाढत गेला आणि चार तास फलाटावर काढल्यावर गाडी रद्द झाल्याचे कळले. तोपर्यंत बसमध्ये पाय ठेवायलाही जागा उरली नव्हती. उलट उन्हाळ्यात मी धास्तावून लगेच बाहेर पडले, दुप्पट वेळ बसमध्ये घालवला, आणि जिची आशा सोडली होती ती गाडी ५० मिनिटे उशिराने का होईना पोहोचल्याचे दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याकडून ऐकले.

थांबायचे की निघायचे हे ठरवण्याची काही रीत आहे का? आणि फलकावरचा आकडा इतका फसवा का असतो? खरी परिस्थिती मुद्दाम लपवली जाते काय?

निवृत्त_रूळदेखभाल:
रुळांच्या देखभालीत माझी तीसएक वर्षे गेली, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. लपवाछपवीचा भाग कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. गाडी या क्षणी कुठे आहे आणि उरलेले अंतर कापायला तिला एरवी किती वेळ लागतो, यावरून उशिराचा अंदाज काढला जातो. गाडी हळू का होईना चालत असेल, तर तो अंदाज बऱ्यापैकी जुळतो. ती उभी असेल, तर मात्र ‘आता सुटेल’ असे धरूनच हिशेब होतो आणि आकडा वीस-वीस मिनिटांनी पुढे ढकलला जातो. म्हणून किती मिनिटे, हे विचारण्याआधी गाडी चालते आहे की उभी आहे आणि उभी असल्यास कशामुळे, हे विचारा.

आपल्या उन्हाळ्याच्या प्रसंगात गाड्या बहुधा वेगमर्यादेने चालत असणार. पोलादाचा एक किलोमीटर रूळ ३० अंशांनी तापला आणि त्याला मोकळीक मिळाली, तर तो सुमारे ३५ सेंटिमीटर लांबतो. सलग जोडलेल्या रुळाला ती मोकळीक नसते, त्यामुळे आत दाब साठतो आणि तो असह्य झाला की रूळ बाजूला वाकतो. भर उन्हात रुळाचे तापमान हवेपेक्षा २० अंशांपर्यंत जास्त भरू शकते. रूळ बसवताना कोणत्या तापमानाला तो ताणरहित असावा हे त्या-त्या हवामानानुसार ठरवतात. ब्रिटनमध्ये ते २७ अंश सेल्सिअस आहे. म्हणूनच एका देशात रोजचा वाटणारा उन्हाळा दुसऱ्या देशात गाड्या अडवतो, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. अशा दिवशी गाड्या धीम्या चालतात, पण चालतात, आणि ऊन उतरले की निर्बंध सैल होत जातात. उष्णतेचा उशीर असेल तर थांबणे बहुतेक वेळा फायद्याचे ठरते.

पाण्याची गोष्ट अगदी वेगळी. रूळ पाण्याखाली गेले की रुळांतून वाहणाऱ्या विजेवर चालणारी सिग्नलची मंडले बिघडतात आणि सिग्नल लाल होतो, कारण शंका आली की गाडी थांबवायची अशीच त्याची रचना असते. पण खरी भीती खाली असते. खडी वाहून गेली आहे का, पुलाच्या पायाशी माती खरवडली गेली आहे का, हे पाणी असेपर्यंत दिसतच नाही. पाणी ओसरल्यावर माणसे तो पट्टा तपासतात आणि मगच पहिली गाडी हळूहळू सोडतात. ‘पाणी उतरले, तरी गाडी का सोडत नाहीत?’ असे ओरडणारे प्रवासी मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना स्कॉटलंडमधील कारमॉन्टची दुर्घटना सांगावीशी वाटते. १२ ऑगस्ट २०२० रोजी तेथे मुसळधार पावसाने रुळांवर दगडमाती वाहून आली, गाडी जवळजवळ नेहमीच्या वेगाने, ताशी सुमारे ११७ किलोमीटरने, त्यावर आदळली आणि तीन जणांचा मृत्यू झाला. रुळांवर पाणी असल्याचे कळले, तर फलकावरच्या आकड्याची वाट पाहू नका.

वादळात झाड ओव्हरहेड तारेवर पडले, तर आधी वीजप्रवाह तोडून तार निर्धोक करावी लागते, मग दुरुस्तीची गाडी आणावी लागते, आणि ती ज्या मार्गाने यायची तो मार्ग तुंबलेल्या गाड्यांनीच अडवलेला असतो. हे काम तासांचे असते, मिनिटांचे नाही.

रोजची_प्रवासी:
मनापासून आभार. परंतु घोषणेत ‘तांत्रिक कारणामुळे’ याखेरीज एक शब्द नसतो. कारण कळावे कसे?

दोनदा_बदल:
मी दोन गाड्या बदलून जातो, त्यामुळे माझा निम्मा जन्म या तर्कात गेला आहे. मी माझ्या गाडीकडे पाहतच नाही. तिच्या पुढे असलेल्या दोन-तीन गाड्या ॲपवर पाहतो. त्या पंधरा मिनिटांत एकेक स्थानक तरी सरकत असतील, तर मार्ग जिवंत आहे. सगळ्या जागच्या जागी असतील, तर अडथळा पुढे आहे. समोरच्या दिशेने एकही गाडी आली नाही, तर दोन्ही बाजू बंद आहेत, असे मी धरून चालतो. कर्मचाऱ्यांना ‘गाडी कधी येईल?’ असे विचारून उपयोग नसतो, कारण त्यांनाही ते ठाऊक नसते. ‘दुरुस्तीची माणसे जागेवर पोहोचली का?’ असे विचारल्यास मात्र नेमके उत्तर मिळू शकते. ती पोहोचलीच नसतील, तर मी निघतो.

दुसरे म्हणजे, घरून निघतानाच मी मर्यादा ठरवतो: ४५ मिनिटांत हालचाल दिसली नाही, तर दुसरा मार्ग. फलाटावर बसल्यावर ‘इतका वेळ थांबलोच आहोत, तर आणखी थोडे’ हा मोह फार वाईट. आपले चार तास बहुधा त्यातच गेले.

निवृत्त_रूळदेखभाल:
यात एक भर घालतो. मार्ग खुला झाल्याची घोषणा झाली, म्हणजे वेळापत्रक सुरू झाले असे नाही. गाड्या भलत्याच ठिकाणी अडकलेल्या असतात आणि चालकांचे कामाचे तास संपलेले असतात. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये हागिबिस वादळाच्या पुरात जपानमधील नागानो येथील शिन्कान्सेन या अतिवेगवान गाड्यांचा आगार बुडाला आणि दहा गाड्यांचे मिळून १२० डबे पाण्यात गेले. मार्ग दोन आठवड्यांच्या आत पुन्हा सुरू झाला, तरी गाड्याच अपुऱ्या असल्याने फेऱ्या कमी ठेवाव्या लागल्या. म्हणून सकाळी जाणारी गाडी मिळाली, तरी संध्याकाळच्या परतीची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

तिकीट_जपून_ठेवा:
पैशांविषयी थोडेसे. हवामानामुळे झालेल्या उशिरावर भरपाई मिळेल असे गृहीत धरू नका, पण भरपाई आणि परतावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उदाहरणार्थ, युरोपीय संघात ७ जून २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार असाधारण हवामानामुळे झालेल्या उशिराची भरपाई नाकारता येते. परंतु तासाभराहून अधिक उशीर अपेक्षित असेल, तर तिकिटाचे पैसे परत घेणे किंवा दुसऱ्या मार्गाने जाणे, हा पर्याय प्रवाशाकडे राहतो. आपल्याकडचे नियम आधीच वाचून ठेवावेत, उशीर दाखवणाऱ्या फलकाचा फोटो काढावा, आणि गाडी अधिकृतपणे रद्द होण्याआधी स्वतःहून तिकीट रद्द केल्यास परताव्यावर काय परिणाम होतो, हे अवश्य पाहावे.

रोजची_प्रवासी:
‘आणखी थोडे’ हे शब्द मी त्या दिवशी निदान सहा वेळा मनात उच्चारले असतील. पुढच्या वेळी ४५ मिनिटांची मर्यादा पाळून पाहीन. एकच विचारायचे राहिले: गाडी दोन स्थानकांच्या मध्येच तासभर अडकली, तर लोक खाली उतरून चालू लागतात. आपण उतरावे का?

निवृत्त_रूळदेखभाल:
कर्मचाऱ्यांनी उतरवल्याशिवाय मुळीच उतरू नये. शेजारच्या रुळावरून गाडी येऊ शकते, आणि तुटून लोंबकळणाऱ्या तारेत प्रवाह आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. शिवाय कोणी रुळांवर उतरल्याचे कळले की आजूबाजूच्या गाड्याही थांबवाव्या लागतात आणि सुटका आणखी लांबते. वीज जाऊन बंद डब्यात उकाडा असह्य झाला किंवा कोणाला चक्कर आली, तर डब्यातील आपत्कालीन संपर्काचे बटण दाबून डब्याचा क्रमांक सांगावा. पाण्याची बाटली, रोजची औषधे आणि चार्ज केलेली पॉवर बँक एवढे तरी अशा हवामानाच्या दिवशी पिशवीत असू द्यावे.