‘राज्यांचा संघ’ की ‘संघराज्य’?

नौपाडेकर : मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. काल रात्री तिने राज्यघटनेची मराठी प्रत माझ्यापुढे ठेवली आणि अनुच्छेद १ मधील ‘राज्यांचा संघ’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढून विचारले, की शाळेत आपण ‘संघराज्य’ शिकलो, मग येथे नुसता ‘संघ’ का? मला दूध संघ, खरेदी-विक्री संघ आणि क्रिकेटचा संघ एवढेच आठवले. दोन्ही शब्द समानार्थी आहेत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कळवेकर : नाहीत, आणि निवड मुद्दाम केलेली आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी ‘फेडरेशन’ (संघराज्य) या शब्दाऐवजी ‘युनियन’ (संघ) का, याचा खुलासा केला होता : हे संघराज्य घटक राज्यांनी आपसांत करार करून उभे केलेले नाही आणि करारच नसल्यामुळे कोणत्याही राज्याला बाहेर पडण्याचा अधिकार नाही. एकात्म राज्य (सारी सत्ता एकाच सरकारकडे) असलेली दक्षिण आफ्रिका आणि संघराज्य असलेला कॅनडा या दोघांनाही त्या काळी युनियन म्हणत, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. थोडक्यात, ‘संघराज्य’ हे रचनेचे वर्णन आहे, तर ‘संघ’ हे न तुटणाऱ्या एकत्वाचे नाव. आपला दूध संघ येथे लागू पडत नाही, कारण तेथून सभासद संस्था बाहेर पडू शकते.

ऐरोलीकर : खुलासा मान्य आहे, पण ‘न तुटणारा’ हा अर्थ त्या भाषणातला आहे, शब्दातला नव्हे. सम् हा उपसर्ग आणि हन् हा धातू यांपासून झालेला ‘संघ’ पाणिनीने ‘गण’ या अर्थाने नोंदवला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे अकरावे अधिकरण (भाग) ‘संघवृत्त’ असून त्यात लिच्छवी, वृजी, मल्ल या प्राचीन गणराज्यांना संघ म्हटले आहे. म्हणजे तेथे संघ ही अनेक राज्यांची जोडणी नसून अनेकांच्या हाती सत्ता असलेले एकच राज्य आहे. आजचा अर्थ त्यावर नव्याने चढवलेला आहे, आणि तो व्यवहारात पुरता रुजलेलाही नाही : घटनेत ‘संघ राज्यक्षेत्र’ असले तरी आपण ‘केंद्रशासित प्रदेश’च म्हणतो. ‘युनियन’ला ‘केंद्र’ म्हणण्याची ही सवय मला खटकते, कारण केंद्र म्हटले की राज्ये आपोआप परिघावर जातात.

वाशीकर (मूळचा जव्हारचा) : या चर्चेत ‘सामीलनामा’ (संस्थानिकाने सामील होण्यासाठी सही केलेला दस्तऐवज) आणि ‘विलीनीकरण’ हे दोन शब्दही यायला हवेत. ब्रिटिशांनी केलेल्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील फेडरेशन संस्थानिकांच्या सामीलनाम्यांवर अवलंबून होते आणि पुरेशी संस्थाने न आल्यामुळे ते कागदावरच राहिले; ‘फेडरेशन’ शब्दाला कराराचा वास होता तो असा. १९४७ मध्ये सामीलनाम्यावर सही करताना संस्थानिकांनी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय सोपवले होते, बाकीचा कारभार त्यांच्याकडेच होता. पुढे १९४८ मध्ये विलीनीकरण झाले आणि आमचे जव्हार संस्थान ठाणे जिल्ह्यात आले (आता ते पालघर जिल्ह्यात आहे). सामील होणारा स्वतः शिल्लक राहतो, विलीन होणारा राहत नाही. आपल्या कन्येने ‘संघ’ या शब्दाशेजारी हे दोन्ही शब्द लिहून ठेवावेत, कारण बहुतेक उत्तरपत्रिकांत ते एकमेकांच्या जागी वापरलेले आढळतात.