केवडा की गवताळ वाढ? चाचणी कुठली करायची

दादा, तुम्ही विचारलंत की बांधावरच तासाभरात उसाचा गवताळ वाढ रोग कळत असेल तर नमुना लॅबला कशाला पाठवायचा. आमच्या शिरोळकडच्या उसावरून सांगतो.

खोडव्यात पांढरट फुटव्यांचं बेट दिसलं की बरेच जण केवडा, म्हणजे लोहाच्या कमतरतेनं आलेला पिवळेपणा, समजून हिराकस (लोहाचं खत) फवारतात. लोह कमी पडलं तर सुरुवातीला शिरा हिरव्या राहतात, मधली पट्टी पिवळी पडते. गवताळ वाढीत अख्खं पानच फिकं, आणि एका बेटात गवतासारखे बारीक फुटवे. पण रोग आत असूनही ऊस वरून धडधाकट दिसू शकतो आणि तोच बेण्याला जातो. खरी भीती त्याची आहे.

गवताळ वाढ फायटोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवामुळे होते. तो लॅबमध्ये साध्या माध्यमावर वाढवता येत नाही, म्हणून त्याचा डीएनए शोधावा लागतो. त्यासाठी डीएनएच्या असंख्य प्रती करणाऱ्या दोन चाचण्या आहेत, पीसीआर आणि लॅम्प. पीसीआरला तापमान चढवत-उतरवत 30-35 फेऱ्या, म्हणजे यंत्र आलंच. लॅम्प चाचणी 60 ते 65 अंशांवर एकाच तापमानाला होते, बदललेला रंग डोळ्यांनी दिसतो. मात्र उघड्या नळीतून उडालेला डीएनएचा कणभर अंशसुद्धा पुढचा निरोगी नमुना रोगट दाखवतो. चाचणी झालेली नळी उघडायचीच नाही, आणि शेजारी तुलनेला निरोगी उसाचा नमुना हवाच.

माझ्या मते शेतात लॅम्पने चाळणी करा, बेणेमळ्याचा निर्णय पीसीआरवर घ्या. आणि एकाच पानावर विसंबू नका, रोग बेटात सगळीकडे सारखा नसतो. चार-पाच फुटव्यांची पानं घ्या.