विषय : बालेवाडीचं नवं घर – स्वयंपाकघरात हाताने काय काय करता येईल?

प्रेषक : बालेवाडीकर होऊ घातलेली सभासद, स्टुटगार्ट

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाच्या मेलांमध्ये हा घरगुती प्रश्न टाकतेय, सांभाळून घ्या. आमच्या पुण्यातल्या फ्लॅटचा ताबा मिळाला. जूनमध्ये मुलांच्या शाळा सुरू व्हायच्या आत आम्ही कायमचे परत जातोय. घर हवेशीर आहे, पश्चिमेला ड्राय बाल्कनी आहे, तक्रार काहीच नाही. पण स्वयंपाकघर परकं वाटतं. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, त्याच्यावर दोन फूट पांढऱ्या चकचकीत टाइल्स, खाली फिकट राखाडी ट्रॉल्या. वरच्या मजल्यावर हेच, खालच्या मजल्यावर हेच.

इंटीरियरवाल्याकडे सोपवायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय. इथे जर्मनीत भाड्याचं घर बऱ्याचदा स्वयंपाकघराशिवायच मिळतं, सिंकसुद्धा आपणच आणायचं, त्यामुळे ड्रिल आणि स्पिरिट लेव्हल हातात बसलंय. टाइल्स रंगवाव्यात का स्टिकर लावावेत? आणि माझ्या आजीचे पितळी डबे, दोन पातेली आणि तांब्याची कळशी आईकडे माळ्यावर पडून आहेत. ती मला रोज डोळ्यासमोर हवी आहेत. कुणी पुण्यात असं काही केलं असेल तर सविस्तर लिहा.

---

प्रेषक : सभासद, एसलिंगन

स्टिकरबद्दल तेवढं सांगतो. आम्ही इथल्या स्वयंपाकघरात व्हिनाइलचे लावले होते. टाइल गुळगुळीत आणि तेलाचा अंश नसलेली असेल तर छान बसतात, आणि काढताना हेअर ड्रायरने गरम केले की सुटून येतात. पण हीच गोष्ट गॅसच्या मागे उलटते. आचेने कडा उचलल्या जातात आणि खाली फोडणीचं तेल शिरतं. सिंकच्या बाजूला लावा, शेगडीच्या मागे नको.

---

प्रेषक : माजी खजिनदार काकू, कोथरूड

अगं, ताब्याबद्दल मनापासून अभिनंदन!

आधी माझं मत सांगते. पहिले दोन-तीन महिने नुसता स्वयंपाक कर. एकाही टाइलला हात लावू नको. हात आपोआप जिथे जातो तिथे वस्तू सापडायला लागली की स्वयंपाकघर आपलं व्हायला लागतं, रंगाची पाळी त्यानंतर. शिवाय तुम्ही याल आणि पाठोपाठ पावसाळा सुरू होईल. त्या दमट हवेत ऑइल पेंट दिवसेंदिवस वाळत नाही, प्लायवूडच्या कापलेल्या कडा फुगतात. रंगकाम दसऱ्यानंतर काढ.

बिल्डरच्या ट्रॉल्या कुणा एकाच्या सवयी बघून केलेल्या नसतात. पोळ्यांचंच बघ. पोळपाट कुठेतरी भिंतीला टेकवलेला, लाटणं चमच्यांच्या खणात आडवं मावत नाही, सांडशी तिसरीकडे, पोळ्यांचा डबा वरच्या कपाटात. रोज वीस पोळ्या करणाऱ्या बाईला हे किती नडतं ते नकाशा काढणाऱ्याला कळत नाही. म्हणून पहिलं काम सांगते ते अगदी साधं आहे. शेगडीजवळचा वरचा खण मोकळा कर, आतलं माप घे, आणि ६ मिलिमीटर प्लायच्या पट्ट्या कापून आत खाचेत खाच अडकव, शाळेत पुठ्ठ्याची जाळी करायचो तशी. खिळा नाही, स्क्रू नाही. एका लांब कप्प्यात लाटणं आणि उलथणी, एकात सांडशी-चिमटा, पुढच्या चौकोनात मिसळणाचा डबा. पोळपाट उभा राहील असा कप्पा खालच्या ट्रॉलीत. पट्ट्यांच्या कडा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घास आणि दोन हात पॉलिश दे, नाहीतर हळदीचा डाग कायमचा बसेल. सवय बदलली की पट्टी काढून दुसऱ्या खाचेत घालायची. माझ्या अख्ख्या स्वयंपाकघरात मला सगळ्यात जास्त समाधान या खणाने दिलंय.

ओट्याची उंचीही बघून ठेव. कोपरात हात दुमडून उभी राहा. कोपरापासून ओटा चार ते सहा इंच खाली असला तर चिरायला ठीक. लाटायला त्याहून थोडा खाली लागतो, कारण वरून जोर द्यायचा असतो. ग्रॅनाइट काही हलवता येत नाही. पण तू उंच आहेस, तर जाड लाकडी पाट ओट्यावर कायमचा ठेव आणि भाजी त्यावर चिर, पाठ दुखणार नाही.

आता टाइल्स. रंगवू नको असं मी स्पष्टच सांगेन, निदान शेगडी आणि सिंकच्या मागे तरी. आपल्या स्वयंपाकात फोडणी, वाफ, हळद आणि वर रोजची घासणी, यात टाइलवरचा रंग टिकत नाही. त्यापेक्षा सांधे बदल. पांढऱ्या सिमेंटच्या दरजा हळदीने पिवळ्या होणारच आहेत. त्या खरवडून दोन-तीन मिलिमीटर खोल मोकळ्या करायच्या, धूळ ब्रशने पूर्ण काढायची आणि इपॉक्सी ग्राउट (दरजा भरायचा राळेचा लगदा) भरायचं. ते पाणी शोषत नाही आणि डागही सहसा धरत नाही. रंग निवडताना राखाडी घेऊ नको, गेरूच्या जवळचा विटकरी घे. पांढऱ्या टाइल्सवर त्या बारीक रेघांनी सगळी भिंत बदलते, आणि खर्च होतो तो मुख्यतः मेहनतीचा. एकच काळजी घे : इपॉक्सी थोडं थोडंच कालव. ते हातात असतानाच घट्ट व्हायला लागतं, आणि टाइलवर वाळलेला थर नंतर जिवावर येतो. एकाने भरायचं, दुसऱ्याने लगेच ओल्या स्पंजाने पुसत यायचं. दोघं आहात, उत्तम.

ट्रॉल्यांची हँडलं बदलणं हे अर्ध्या दिवसाचं काम. जुन्या दोन स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोज. ते बहुधा ९६, १२८ किंवा १६० मिलिमीटर असतं. त्याच मापाची पितळी हँडलं आण, म्हणजे शटरला नवं भोक पाडावं लागत नाही. रविवार पेठेत बोहरी आळीत हार्डवेअरची दुकानं एकाला एक लागून आहेत. जुनं हँडल बरोबर ने, तोंडी माप सांगत बसू नको.

आजीच्या भांड्यांचं सांगायचं राहिलं. ती शेगडीच्या वर लावू नको. तेलाची वाफ पितळेवर बसली की हिरवट चिकट थर होतो, आणि घासायला कंटाळा आला की भांडी परत माळ्यावर जातात. ड्राय बाल्कनीच्या दाराशेजारी भिंत असेल तर तिथे एक लांब फळी कर, त्यावर डबे ओळीने. कळशीला पोचे आले असतील तर कसब्यातल्या तांबट आळीत घेऊन जा. ठोक्याठोक्याने तांब्याला आकार देणारे कारागीर तिथे आजही काम करतात. त्यांचं माठाराचं काम जवळ उभं राहून बघण्यासारखं असतं. मुलांना नक्की ने. पातेल्यांत शिजवायचं असेल तर आतून कल्हई हवीच, आंबट पदार्थ उघड्या पितळेत ठेवायचा नाही. डब्यांत डाळी, रवा, पोहे बिनघोर ठेव. लखलखीत ठेवायला चिंच आणि मीठ पुरे, आणि नंतर कोरडं पुसायला विसरू नको. वापरायच्या भांड्यांवर लॅकर मारून आणू नको, ती शोभेची वस्तू होऊन बसते. तुझ्या आजीने ते डबे रोज उघडले असतील, तूही उघड.

---

प्रेषक : बालेवाडीकर होऊ घातलेली सभासद, स्टुटगार्ट

काकू, तुमचा मेल मी आईला वाचून दाखवला. फोनवर ती आधी गप्प होती, मग तिने डबे उतरवायला सांगितले. त्या खणाचं माप तर साइटवर जाणाऱ्या भावाकडून आजच मागवते. विटकरी दरजा हे सुचलंच नसतं.

फळीसाठी भिंतीला भोकं पाडायची आहेत. बिल्डरचा इंजिनिअर म्हणाला, बाहेरच्या भिंती मायवानच्या आहेत आणि स्वयंपाकघर-ड्राय बाल्कनीमधली एएसी ब्लॉकची. माझं इथलं ड्रिल चालेल ना? आणि ओट्यावर माझीच सावली पडते, त्याचं काय करू?

---

प्रेषक : सभासद काका, पाषाण (२०११ पर्यंत स्टुटगार्ट)

नमस्कार. काकूंनी बाकी सगळं सांगितलंच आहे, मी भिंत आणि विजेचं लिहितो.

ड्रिल चालेल, पण दोन भिंती म्हणजे दोन वेगळी कामं. मायवान म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं सलग काँक्रीट. तिथे हॅमर मोड आणि चांगलं काँक्रीटचं बिट लागतं, मध्येच सळई लागली तर जोर करू नका, भोक दोन इंच सरकवा. एएसी ब्लॉक त्याच्या नेमका उलट. तो हलका आणि सच्छिद्र असतो. हॅमर बंद ठेवून साध्या फिरतीवर भोक पाडायचं आणि एएसीसाठी मिळणारे लांब नायलॉन प्लग वापरायचे. साधा प्लग आज घट्ट वाटतो आणि डबे भरल्यावर भुकटीसकट बाहेर येतो. डाळींनी भरलेल्या पितळी डब्यांची ओळ म्हणजे चांगलंच वजन, तेव्हा ब्रॅकेट दर दीड फुटावर हवा. टाइलमधून जायचं असेल तर वर मास्किंग टेप लावा, भाल्याच्या टोकाचं काचेचं बिट घ्या, टाइल पार होईपर्यंत हॅमर चालूच करू नका. आणि नळाच्या किंवा स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली, सरळ डाव्या-उजव्या बाजूला भोक नको. आतले पाइप आणि वायरी साधारण त्याच रेषेत जातात.

सावलीचं कारण असं की दिवा खोलीच्या मध्यावर आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून उभ्या. वरच्या कपाटांच्या तळाला, पुढच्या कडेजवळ, ॲल्युमिनियम प्रोफाइलमध्ये १२ व्होल्टची एलईडी पट्टी लावा. ४००० केल्विनची (म्हणजे फार पिवळा नाही, फार निळसर नाही असा उजेड) आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचं माप, ९० च्या वर असलेली मागा. त्या उजेडात कांदा गुलाबी झालाय का करपायला लागलाय हे नीट दिसतं. अडॅप्टर शेगडीपासून लांब, असलेल्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर. नवं वायरिंग काढायचं असेल तर परवानाधारक वायरमनच बोलवा.

गॅसच्या पाइपला मात्र हात लावू नका, तुम्ही कितीही सराईत असलात तरी. पाइप सरकवायचा असेल तर गॅस कंपनीचाच माणूस. सिलिंडर असेल तर सुरक्षा होजवर, म्हणजे शेगडीच्या रबरी नळीवर, छापलेली तारीख बघा, पाच वर्षांनी तो बदलायचाच असतो.

एक कागदाचं काम आत्ताच करा. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या, कलम १४ (३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला तर तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. त्यामुळे सिंकखालची ओल, पोकळ वाजणाऱ्या टाइल्स, नाहणीकडचा उतार हे सगळं सामान लावण्याआधी तपासा, फोटो काढा, लेखी कळवा. ओट्याखालची फरशी किंवा सिंकचे पाइप या पाच वर्षांत फोडू नका, नाहीतर गळती तुमच्या कामामुळे झाली असं उत्तर मिळेल. काकूंनी सुचवलेलं सगळं वरच्यावरचं आहे, त्याने यात काही बाधा येत नाही.

---

प्रेषक : माजी खजिनदार काकू, कोथरूड

काकांनी पाच वर्षांचं लिहिलं ते बरं केलं, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

फळीसाठी नवं लाकूड घ्यायची घाई करू नको. जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे जुन्या वाड्यांचं लाकूड, कड्या-कोयंडे, क्वचित सागवानी फळीही मिळून जाते. वाळवीची भोकं बघून घे आणि टोक पोखरलेलं निघालं तर सोडून दे. बुधवारी गर्दी कमी असते. जूनमध्ये आलात की कळव, मी येते बरोबर. भाव करणं माझ्याकडे लागलं, फळीची लांबी तेवढी भिंतीवर मोजून आण.